सागरसुंदऱ्या आणि परीक्षकांचं मनोगत

आमचे हे परीक्षक आहेत. म्हणजे पगार घेतला तो भूगोलाच्या मास्तरकीचा, पण भूगोल फक्त शाळेत शिकवला. परीक्षण मात्र अष्टौप्रहर चालू. वक्तृत्व, हस्ताक्षर, रांगोळी, मोदक, दिवाळीतले किल्ले, काही चालतं. पुण्यात दोन माणसांची चढाओढ लागली की तिथे तिसरे हे. झब्बा, जाकीट, खिशाला दोन पेनं आणि पिशवीत स्वतःची पितळी घंटा. वेळ संपत आली की एक टोला, संपली की दोन.

घरीसुद्धा तेच. मी आमटी वाढली की पहिला भुरका घेऊन डोळे मिटणार आणि गुण सांगणार. 'सात. गूळ जरा पुढे पुढे करतोय.' लग्नानंतर पहिल्या वर्षी मी रडले, दुसऱ्या वर्षी भांडले. पुढे पुढे तर फोडणी देतानाच मनात गुण देऊन ठेवायला लागले आणि ह्यांच्याशी जुळतात का ते बघायला लागले. बहुतेक वेळा जुळायचे. इतकी मी वाया गेले!

पण यज्ञेश्वर पेंडसे ह्या माणसाचा खरा जीव मनोगतात. निकालाआधी परीक्षकांनी उठून मनोगत व्यक्त करायचं, हे आपल्याकडे ठरलेलंच. मुलं निकालासाठी तळमळत असतात, आया घड्याळ बघत असतात, आणि परीक्षक 'सर्वप्रथम सर्व स्पर्धकांचं मनःपूर्वक कौतुक' इथून सुरू करतात. आयुष्यातल्या सगळ्यात गाढ झोपा मी ह्यांच्या मनोगतात काढल्या आहेत. खोटं कशाला बोलू?

गेल्या गणपतीत बिबवेवाडीच्या एका सोसायटीत मोदकांची स्पर्धा होती. हे मनोगताला उभे राहिले, मोदकाच्या कळ्यांपर्यंत आले, आणि कुणीतरी मागून माईकच बंद केला. आरतीला उशीर होत होता म्हणे. हे थोडा वेळ तसेच बोलत राहिले. ओठ हलतायत आणि आवाज नाही. मग पेन खिशाला अडकवलं आणि खाली येऊन बसले.

घरी आल्यावर घंटा माळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आमटी खारट केली. मुकाट्याने खाल्ली! 'कशी झालीये?' विचारलं तर म्हणाले, 'छान.' छान? नंतर महिनोन्‌महिने तेच, काहीही वाढा, छान. कारलं छान, करपलेली पोळी छान. घर नुसतं खायला उठलं होतं. मला आमचा तो खडूस माणूस परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

अशात एक दिवस माझ्या बहिणीचा केयूर धापा टाकत आमच्या धायरीच्या घरी आला. तो इव्हेंट कंपनीत आहे. वाघोलीच्या एका बड्या हॉलमध्ये 'मिस सेव्हन ओशन्स' म्हणून जगभरच्या सुंदऱ्यांची स्पर्धा होती, आणि परीक्षकांमधले पुण्याचे गृहस्थ ऐन वेळी आजारी पडले होते.

"मावशी, काकांना सांग ना, प्लीज! नुसतं बसायचंय आणि टॅबवर मार्क द्यायचेत. लोकल फेस पाहिजे."

"काकांचा फेस लोकलच आहे," मी म्हटलं. "पण मनोगताचं काय?"

"ते काय असतं?"

मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "काही नाही रे. चहा घेतोस ना?"

हे पेपरमागून म्हणाले, "मला जमणार नाही." मग केयूरने फोनवर मुलींचे फोटो दाखवले. दुसरा एखादा असता तर चेहरे बघितले असते. ह्यांनी खांद्यावरचे पट्टे वाचले.

"पॅराग्वे? अरे, पॅराग्वेला समुद्रच नाही! सागरसुंदरीत प्रवेश दिला कुणी?"

"पुण्याला तरी कुठे आहे?" मी म्हटलं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. नियमबाह्य काही दिसलं की ह्यांना घरी बसवत नाही. संध्याकाळी घंटा माळ्यावरून खाली आली. मी ती चिंचेने घासूनसुद्धा दिली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी परीक्षकांचं आणि मुलींचं चहापान होतं. आम्ही धायरीहून वाघोलीला, म्हणजे पुण्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला, गेलो. त्या मुलींना आपापल्या देशातून यायलाही इतका वेळ लागला नसेल. बाकीचे परीक्षक फोटो काढून निघून गेले. ह्यांनी मात्र सगळ्या सुंदऱ्यांना ओळीने बसवलं आणि केयूरला भाषांतराला उभं करून वर्गच सुरू केला.

"प्रश्न विचारला की लगेच उत्तर द्यायचं नाही. उद्धटपणा दिसतो. आधी अभिवादन करायचं."

अर्ध्या तासाने मी बटाटेवडा संपवून बघते तर काय, इथून तिथून साऱ्या उंच उंच पोरी एका सुरात म्हणतायत, "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो!" मिस लाटव्हियाचं 'पूज्य' तर आमच्या शेजारच्या स्पृहापेक्षा स्वच्छ. शेवटही पाठ करून घेतला होता, "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय हिंद, जय महाराष्ट्र!"

मिस पॅराग्वे, लुसिया तिचं नाव, सगळ्यात मागे बसली होती. तिने केयूरला हळूच काहीतरी विचारलं. ती म्हणत होती, स्टेजवर माझं डोकं एकदम कोरं होतं, विसरले तर काय करू?

"विसरलीस तर पुन्हा पहिल्यापासून," हे म्हणाले. "अध्यक्ष महाराज कुठे पळून जात नाहीत."

स्पर्धेच्या दिवशी केयूरने मला आपल्या शेजारी, आवाजाच्या यंत्राजवळ बसवलं. मी पिशवीत शाल आणि श्रीफळ घेऊन गेले होते. परीक्षकांना काही द्यायचं असतं, एवढी अक्कल ह्या इव्हेंटवाल्यांना कुठून असणार?

पोहण्याच्या कपड्यांची फेरी आली तसे ह्यांनी डोळे मिटले ते फेरी संपेपर्यंत. सगळ्यांना सारखे गुण दिले. "पोहण्याची परीक्षा पाण्यात घ्यावी," असं शेजारी बसलेल्या, अत्तराच्या कंपनीच्या परीक्षकाला सांगितलं म्हणे. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिलीच मुलगी हसून म्हणाली, "अध्यक्ष महाराज!" आणि हॉलमध्ये जी काही शिट्ट्यांची धमाल उडाली! दुसरी विश्वशांतीवर बोलत सुटली, तर टण्ण! एक टोला. तरी थांबेना. टण्ण टण्ण! बिचारी अर्ध्या शांतीवरच थांबली.

मग लुसिया आली. प्रश्न ऐकला आणि गप्प झाली. हसू तसंच राहिलं, पण डोळे भरले. निवेदिका 'येस? येस?' करत होती, कुणीतरी मागे खिदळलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी घंटा उचलली आणि चक्क टेबलाखाली पायाशी ठेवून दिली. मग हात हलवून खूण केली. पहिल्यापासून.

लुसिया माईकजवळ सरकली. "अध्यक्ष महाराज," ती म्हणाली, "पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..." पुढे काही सुचेचना. मग एकदम, "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय हिंद, जय महाराष्ट्र!"

अहो, हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! पण गुण शून्य. नियम म्हणजे नियम, ह्यांनीसुद्धा शून्यच दिलं. उत्तरच नव्हतं ना.

शेवटी निकालाचं पाकीट आलं. वयाने ज्येष्ठ म्हणून ते ह्यांच्या हातात दिलं. नाव वाचायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच काम. हे माईकपाशी गेले, पाकीट खिशात घातलं आणि घसा खाकरला.

"सर्वप्रथम, सर्व स्पर्धकांचं मनःपूर्वक कौतुक."

मी खुर्चीत सावरून बसले. निवेदिका पुढे सरकली, ह्यांनी तिला हातानेच थांबवलं. "बसा गं मुलींनो, पाय दुखतील. जरा वेळ लागेल." हाताची खूण बघून त्या पोरींनी टाचांचे बूट काढले आणि झगे सावरून स्टेजवरच फतकल मारली.

केयूरच्या कानातल्या यंत्रात कुणीतरी ओरडत होतं. इतकं की मलाही ऐकू आलं. "कट कर! माईक कट कर!" केयूरचं बोट बटणाकडे निघालं. मी त्याचं मनगट धरलं.

"मावशी, सोड! माझी नोकरी जाईल!"

"तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. हात लावून तर बघ!"

त्याने हात मागे घेतला. मी मात्र मनगट सोडलं नाही, आणि जन्मात पहिल्यांदा ह्यांचं मनोगत जागेपणी ऐकलं. उच्चारांवर बोलले, उभं कसं राहावं त्यावर बोलले, मिस केनियाला म्हणाले, "मुद्दे उत्तम, घाई नको." मग आयोजकांकडे वळून म्हणाले,

"तुमच्या स्पर्धेत एक बक्षीस ठेवायचं राहिलंय, उत्तेजनार्थ. पहिला आलेला मुलगा बक्षीस घेऊन घरी जातो, पुन्हा फिरकत नाही. उत्तेजनार्थवाला पुढच्या वर्षी परत येतो. उत्तेजनार्थ म्हणजे काय, तर परीक्षकांना तुला पुन्हा ऐकायचंय. कुमारी लुसिया, पॅराग्वे. समुद्र नसताना आली. पुढे ये, बाळ."

मी उठलेच. स्टेजपाशी जाऊन पिशवी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी लुसियाच्या खांद्यांवर शाल घातली आणि हातात नारळ दिला. तिने तो छातीशी धरला आणि हमसून हमसून रडली. नंतर पाकीट उघडलं, मिस लाटव्हियाला मुकुट मिळाला, पण फोटोवाले सगळे नारळाकडे धावले. केयूरची नोकरी टिकली. लोक म्हणे त्या कार्यक्रमाचा तेवढाच भाग बघतात.

दुसऱ्या दिवशी मी आमटी वाढली आणि पदराला हात पुसत उभी राहिले. ह्यांनी भुरका घेतला. डोळे मिटले.

"साडेसहा. चिंचेला आवर घाल."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी आलं ते दिसू नये म्हणून ओट्याकडे वळले. तर मागून आवाज आला, जरा बारीकच.

"आणि माझं कालचं मनोगत कसं झालं?"

सगळ्या संसारात ह्या माणसाने मला कधी गुण विचारले नव्हते. मी सावकाश वळले, ह्यांच्यासारखेच डोळे मिटले, थोडा वेळ घेतला.

"उत्तेजनार्थ," मी म्हटलं.

ह्यांनी आमटी संपवली. मग वाटी पुढे केली आणि म्हणाले, "वाढ अजून."