मंगळवारच्या काकू आणि सातव्या महिन्याचं बाळ

राधाकाकूंचं नाव आधी घेतो. बार्शीला शिकताना मी वार लावून जेवत असे, रोज एका घरी. मंगळवार काकूंचा. ते ताट नसतं तर मी घराण्यातला पहिला पदवीधर झालोच नसतो... भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितो — कुणाच्या घरी अपुऱ्या दिवसांचं मूल असेल, त्यांना उपयोगी पडेल म्हणून.

पिंपरीच्या नव्या कारखान्यात मी कारकून. बिऱ्हाड चिंचवडला, एका खोलीत. बायको सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा ओंजळीत मावेल एवढा. डॉक्टर म्हणाले, ऊब द्या, बाकी देवाच्या हाती. बायको तापाने फणफणलेली. आईने पोराला कापसात गुंडाळून टोपलीत ठेवलं, दारंखिडक्या लावून शेजारी शेगडी पेटवली. सोयर फिटेपर्यंत मी शिवायचं नाही, हा तिचा दंडक. जागरणांनी इतका शिणलो होतो की वादही घातला नाही.

एका दुपारी घरी आलो तर खोलीत धूर कोंडलेला. आई डोकं धरून भिंतीला टेकलेली, बायको ग्लानीत. पोराचे पाय गार, ओठ निळसर. तेवढ्यात दार ढकलून काकू आत आल्या. त्याच बार्शीच्या, सोवळ्यात कुणाचा वाराही न घेणाऱ्या. त्यांनी खिडकी उघडली, शेगडी बाहेर सारली, पोराला उचललं.

"सदरा काढ."

"काकू, सोयर..."

"सोयर दहा दिवसांचं. पोराला दहा दिवस मिळायला नकोत? उघडं छातीला धर. वरून घोंगडी घे. त्याच्या आईचं दूध पिळून वातीने थेंब थेंब घाल."

मी धरलं. कितीतरी वेळाने ते गार अंग कोमट झालं, मग बारीकसं रडलं. मान वर केली तर काकू नव्हत्या.

शेजारच्या तानूबाई उंबऱ्यात कांदे निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं.

"कोन काकू? म्या हितंच हाय सकाळपासनं. शेगडी तुमीच भाईर आणली न्हवं? अन् असं उघडंबंब काय बसलाय, बाळंतीन तुमी हाय का?"

आई म्हणते, कुणीतरी आलं होतं खरं... चेहरा आठवत नाही.

काकूंना आभाराचं पत्र टाकलं. त्यांच्या मुलाचं, दादांचं, उत्तर आलं — आईचा पाय दिवाळीतच मोडला, ती खाटेवरून उठलेलीच नाही. उलगडा मला आजतागायत झालेला नाही. त्यावर मी जे पत्र पाठवलं ते देतो आणि थांबतो.

"ती. काकूंस सा. न. आपण आला नाहीत असं दादा कळवतात. मी हुज्जत घालत नाही. बाळ आता स्वतः दूध ओढतं, रडतं, आम्हाला झोपू देत नाही. पाय बरा झाला की त्याला पाहायला या. त्या दिवशी घोटभर पाणीही न घेता गेलात, एवढं मनाला लागून राहिलंय."