चादरीची दोन टोकं

परक्या देशात येऊन बावीस वर्षं झाली, तरी हिची जीभ काही थकली नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईची तिन्ही बाळंतपणं उतरायच्या आत हिला पाठ. भाषा अर्धी तोंडानं, अर्धी हातवाऱ्यांनी. नवरा तिला 'चौकशीबाई' म्हणायचा. ती कामाला होती त्या लाँड्रीतही तेच नाव पडलं. सवय वाईटच, पण तिच्यामुळेच शहरातल्या नाना देशांच्या घरांत हिचा चहा झालेला, हेही खरं.

लाँड्री हॉस्पिटलांची. मोठ्या चादरींची घडी दोघींनी मिळून हातानं घालायची. बायका आपापल्या देशाच्या बाईशीच जोडी लावायच्या आणि बाकीच्यांकडे पाठ. चौकशीबाई मुकादम झाली त्या दिवशी तिनं सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि उंचीप्रमाणे जोड्या लावल्या. एक उंच, एक बुटकी असली की चादर तिरकी होते म्हणे! खरं कारण सांगायला ती काय वेडी होती?

तिची धाकटी जाऊ तिथंच कामाला. नऊ वर्षांत तिनं घर, आपल्या लोकांचं दुकान आणि आपल्या लोकांच्या बैठका यांपलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. शेजारच्या देशातल्या 'त्या लोकां'शी ती कधी एक शब्द बोलली नव्हती, पण त्यांच्याबद्दल तिला सगळं ठाऊक होतं. आणि नेमकी त्यांच्यातलीच, तिच्याएवढीच बुटकी बाई तिच्या वाट्याला आली.

"ताई, सोमवारपर्यंत जोडी बदला. नाहीतर तुमच्या घराची पायरी चढणार नाही."

चौकशीबाई घरी येऊन ढसाढसा रडली. या देशात घरची म्हणावी अशी ही एकच बाई. चौकशीबाईनंच तिला इथं आणलेलं, तिचं बाळंतपण केलेलं. पण सोमवारी जोडी तीच राहिली. जावेनं येणंजाणं तोडलं, नोकरी मात्र सोडली नाही.

दोन महिने जावेचा अबोला, चौकशीबाईशीही आणि जोडीदारणीशीही. मात्र चादरीची घडी घालायची तर टोकं धरून समोरासमोर चालत यावं लागतं, दिवसातून शेकडो वेळा. रुसून बसणाऱ्यांची त्यात फार पंचाईत होते.

एका आठवड्यात जावेची जोडीदारीण तापानं तीन दिवस आली नाही. चौकशीबाईनं जावेला हवी तशी, आपल्यातली बाई दिली. सुट्टी झाल्यावर जाऊ टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ताई, तिचा पत्ता द्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? एकटी राहते ती. पेज करून द्यायला कोण आहे तिला?"

"त्यांच्या वस्तीत जायचंय. मी येऊ सोबत?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पिशवी काखेत मारून ती निघालीसुद्धा. चौकशीबाई दारात उभी राहून बघत राहिली. ऊर असा भरून आला, की बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला, कुठल्याही देशाची असो, ती बोट दाखवून सांगत होती, "ती बघा, ती माझी जाऊ."