एकसारखे दोन गणपती

मी पाण्यात सोडला तो गणपती जुना होता की नवा, हे मला माहीत नाही.

पणजीत मांडवी नदीच्या पायरीवर मी गुडघाभर पाण्यात उभी होते. कागद बुडेना, विरघळेना. देवाचं तोंड वर, रंग जसाच्या तसा, आणि तो कॅसिनोच्या बोटीकडे वाहत चाललेला. माझा मुलगा अनिल म्हणाला, "आये, जातलो तो खाली, घाय करू नको." तेवढ्यात मागून नात मयुरीने विचारलं, "आज्जे, टेबलावरचो घेतलंस काय कपाटावरचो?"

तिलाही ओळखता आला नव्हता, म्हणून तर विचारत होती.

आमच्या सर्वण गावात जे राहिले, त्यांना आमच्या घरची रीत ठाऊक आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या मुलांना ठाऊक नसेल. आमच्यात मातीची मूर्ती नाही. कागदावर काढलेला गणपती पुजायचा, आणि वर्षभर भिंतीवर ठेवायचा. पुढच्या चवथीच्या आदल्या दिवशी तो समोर घेऊन नवा काढायचा. नव्याचे डोळे सगळ्यात शेवटी. डोळे झाले की जुन्याचं काम संपलं. त्याला व्हाळात, गावच्या ओढ्यात सोडायचं. रंग म्हणजे काव, हळद, काजळी, डिंक. पाणी लागलं की रंग सुटायचा, मग कागदाचा लगदा व्हायचा.

मी चौथी शिकलेली. चित्र सासूने शिकवलं, तेही बोलणी ऐकवत. केवड्याच्या मुळाचं टोक ठेचून ब्रश करायची ती. "आधी सोंड. एका दमात. चुकली तर कागद फाड, रंग लावून लपवू नको." माझा पहिला गणपती बघून म्हणाली, "उपाशी दिसता गो! म्हायारी तुका जेवक घालीत नाय होते काय?" पुढे चाळीस वर्षं मी काढला. तो बारीकच राहिला. तिचा शेवटचा आणि माझा पहिला शेजारी ठेवले, तेव्हा कुणाचा कुठला हे दारातूनच कळत होतं.

नवरा गेला, अनिलची नोकरी पणजीत. घराला कुलूप लावलं त्या दिवशी गणपती टॉवेलात गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतला. चवथीचा देव घरातून हलवत नाहीत, हे मला माहीत होतं. पण त्या घरात दिवा लावायला कोणी उरलं नव्हतं.

फ्लॅटमधल्या पहिल्या चवथीला हात थरथरायला लागले होते. सोंड मधेच मोडली. अकरा कागद फाडले. मयुरी चित्रकला शिकलेली पोर. तिने भिंतीवरच्या गणपतीचा फोटो घेतला, टॅबवर रेघेवर रेघ ओढली, रंग भरले आणि दुकानातून प्रिंट आणली. चांगली होती, खोटं का सांगू. अनिल म्हणाला, जुना फ्रेम करून ठेवूया. मीच ऐकलं नाही. नवा आला की जुना पाण्यात, म्हणून हट्ट धरला. हाताने काढलेला शेवटचा गणपती मी माझ्या हाताने सोडला. तो लगेच विरघळला.

पुढच्या वर्षी तिने त्याच फाइलची दुसरी प्रिंट आणली. भिंतीवरची काढून सुनेने ओल्या फडक्याने पुसली. वर्षभराचं कुंकू आणि धूर एका फडक्यात गेला. वर प्लास्टिकचा थर होता ना. तिची चूक नाही. एक टेबलावर ठेवला, एक कपाटावर. मधे देवावर फळापानांची माटोळी बांधायला कोणी टेबल हलवलं, कोणी कपाट रिकामं केलं. दोघांचेही डोळे आधीपासून उघडे. मी एक उचलला आणि निघाले.

आता भिंतीवर जो आहे, तो पुजून झालेला की नव्याने पुजलेला, कोण सांगणार? "आज्जे, दोनूय एकच ते," मयुरी म्हणते. तेच तर.

नंतर तिला कागदावर बसवलं. हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण सोंड अर्ध्यावर आली की थांबते आणि दोन बोटं कागदावर आपटते. टॅबवर तसं केलं की चुकलेली रेघ पुसली जाते म्हणे. पाच दिवस बसली. मग बंगळुरूला नोकरी लागली. चित्र हरवलेलं नाही, तिच्या फोनमध्ये आहे, हव्या तेवढ्या प्रिंट निघतात.

सर्वणची आठवण येते का, असं लोक विचारतात. कुलपाची येत नाही. दोन गणपती भिंतीशी शेजारी टेकलेले असायचे, एक धुराने काळवंडलेला आणि एक ओला, त्या संध्याकाळची येते. माझं घर तेवढंच होतं.

सासू गेली. नवरा गेला. तो गणपती हाताने काढलाय असं माणूस आता मी एकटीच आहे, आणि मला तो काढता येत नाही.