इथली की तिकडची धामण

कोबेच्या पोस्टिंगवर असताना आम्ही सुटीला ओकिनावाच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर गेलो होतो. तिथे उसाच्या बांधावर एक वयस्कर बाई सापळे तपासताना दिसल्या. कुणीतरी आणून सोडलेल्या तैवानी धामणी बेटावर वाढल्या होत्या. त्या मारायच्या आणि बेटावरच्या मूळच्या, इथल्या धामणी सोडून द्यायच्या, हे बाईंचं काम.

सापळ्यात एक धामण होती. बाईंनी तिला मानेमागे धरून उन्हाकडे वळवलं, डोळ्यामागची रेघ पाहिली, पाठीच्या नक्षीवरून शेपटीपर्यंत अंगठा फिरवला आणि पुन्हा मानेपासून सुरुवात केली.

"इथली आहे का?" मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं.

"पाठ इथली वाटते, शेपटी तिकडची. दोन्हींची पिल्लं अशी निघतात."

"मग सोडणार?"

"सोडली तर पुढची सगळी अशीच होतील."

त्यांनी तिचं डोकं दगडावर टेकवून हातोडी मारली. शेपटी त्यांच्या मनगटाभोवती आवळत राहिली. ती सैल होईपर्यंत बाई हलल्या नाहीत.

"आणि ती पूर्ण इथलीच असली तर?"

"तशाही मारल्या असणार मी," त्या म्हणाल्या. "कुठल्या, ते आता कळायचं नाही."

पुढच्या सापळ्यात काहीतरी हलत होतं. बाई तिकडे निघाल्या. त्यांच्यामागे जायची माझी हिंमत झाली नाही.