गोठ्यातल्या मोटारीचा प्रश्न

वकिलीच्या पहिल्या वर्षी मी इतका हुशार होतो, की अंबडच्या कोर्टात माझं तोंड बंद ठेवायला सिनियरांना डोळे वटारावे लागत.

आमचा एक पक्षकार जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होता. वयानं मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. सख्ख्या भावाची विहिरीवरची मोटार चोरल्याचा आरोप होता आणि मोटार मामांच्याच गोठ्यात, कडब्याखाली सापडली होती. शिक्षा झाली तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. त्यासाठी मामांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडची पद्धत सोपी होती: काहीही विचारलं तरी 'खोटं आहे' म्हणायचं. मामांनी ते इतकं घोटलं, की न्यायाधीशांनी नाव विचारलं तेव्हाही म्हणाले, "खोटं हाय." सगळं कोर्ट हसलं. त्या गडबडीत गोठ्यातल्या मोटारीचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. शिक्षा मात्र त्याच मोटारीवरून झाली, सहा महिने.

पूर्वी न्यायाधीशानं ज्यूरीला कायदा चुकीचा समजावला तर अपिलात शिक्षा रद्द व्हायची, असं सिनियर सांगत. आमच्या वेळी ज्यूरी उरली नव्हती. पण न्यायाधीशाची चूक उरली होती: आरोपीला ज्याबद्दल विचारलंच नाही, तो पुरावा त्याच्याविरुद्ध कसा धरणार? अपिलात, जालन्याच्या कोर्टात, मी एवढंच लावून धरलं आणि मामा सुटले. निकालाची नक्कल हातात आली त्या दिवशी मी स्टँडवर पेढे घेतले, खरं तर स्वतःच्याच कौतुकाचे.

पेढा हातात धरून मामा म्हणाले, "साहेबानं इचारलं न्हाई म्हून सुटलो. पण वकीलसाहेब, तुमी बी कधी इचारलं न्हाई."

मी थट्टेनं म्हणालो, "बरं, आता विचारतो. कशी आली मोटार गोठ्यात?"

"मीच आणली. दोघा भावांनी मिळून घेतल्ती, पावती त्याच्या नावावर. माह्या पाळीला चालू करू देईना, म्हून आणली उचलून."

"अहो, मग हे सांगायचं ना!"

"तुमीच म्हणल्ते, खोटं हाय म्हणा."

मला माझीच लाज वाटली. मामांनी नक्कल उलटीपालटी करून पाहिली.

"मोटार माही बी हाय, असं लिव्हलंय का ह्याच्यात कुठं?"

"नाही."

त्यांनी पेढा माझ्या हातावर परत ठेवला.

"मंग तुमी जिंकले. मी गावात अजून चोरच हाय."