पहिलं पान विरोधकाचं

नाना आपल्या मासिकाचं पहिलं पान कायम दुसऱ्यासाठी राखून ठेवत, आणि तेही त्यांना शिव्या घालणाऱ्यासाठी. म्हणत, "इरोधकाला म्होरं बसवावं. तेवढ्यापायी तरी त्यो अंक घरी नेतो."

मासिकाचं नाव 'खुलं रान'. फौजेतून परतल्यावर नानांनी ते पलूसला काढलं. सांगणं दर महिन्याला एकच: शेतकऱ्यानं आपला ऊस हव्या त्या कारखान्याला घालावा आणि माणसानं हवं तसं जगावं, मध्ये सरकार नको, चेअरमन नको, सासराही नको. "फौजेत लय ऑर्डरी पाळल्या. आता सोताचीबी पाळत न्हाई."

मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. खांद्याला झोळी, डोक्यात समाजवाद आणि दिवेलागणीच्या आत घरी. जगातल्या सगळ्या बेड्या मी तोडणार होते, फक्त वडिलांना विचारून. नानांकडे प्रुफं तपासायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना सुनावलं, "तुमचं मासिक म्हणजे बड्या बागायतदारांचे लाड आहेत."

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ह्येच लिवून दे की. पयलं पान मोकळंच हाय."

मी इतकं जड मराठी लिहिलं, की आज ते मलाच कळत नाही.

पुढे वर्गणीदार गळत गेले. मासिक बंद पडणार हे दिसू लागलं, तेव्हा साक्षात कारखान्याचे चेअरमन दारात. ज्यांच्यावर नाना दर अंकात तुटून पडत, तेच!

"नाना, मासिक बंद करायचं न्हाई. आपल्या सगळ्या सभासदांना अंक लावू. वर्गणी ऊसबिलातनं कापून घिऊ. टीका करा की, कोण नगं म्हनतंय?"

माझ्या डोळ्यांसमोर गावोगाव पोचलेले आमचे अंक दिसू लागले. नानांनी विचारलं, "सभासदांना इचारनार?"

"त्यात काय इचारायचं? देवळासाठी कापतो, शाळंसाठी कापतो. कोन बोलतंय?"

"मग न्हाई. चा घ्या."

चेअरमन जाताच मी भडकले. "अहो नाना, मासिक मरतंय! लोकांच्या हातात तरी पडू द्या."

"कुनाची जबरदस्ती सोसू नगा, आसं छापायचं आन् अंक जबरदस्तीनं गळ्यात मारायचा, व्हय गं?"

शेवटच्या अंकाचं पहिलं पान त्यांनी मला दिलं. नानांनी हट्टापायी स्वतःचं मासिक मारलं, असं मी लिहिलं. या खेपेला सगळ्यांना कळेल असं. त्यांनी सावकाश वाचलं. "लय चुकीचं लिवलंयस," म्हणाले. "एक शब्दबी बदलू नगंस."

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. माझं मत अजून तेच आहे. पण परवा सुनेनं मला न विचारता तिच्या माहेरच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. मी तडक बाहेर पडले. ती घाबरून आली. "आई, काय चुकलं का?"

"आधी विचारायचं असतं," मी म्हटलं.

तिनं बिचारीनं रीतसर विचारलं. मी म्हटलं, "नाही. बस, चहा घे."