नखावरची जुनी शाई

मतदान केंद्रातल्या बाई शाई लावायला माझं बोट धरून थबकल्या. विधानसभेच्या वेळची शाई नखाच्या टोकाला अजून शिल्लक होती. "मधलं बोट द्या," त्या म्हणाल्या.

आमच्या आमदारांनी दोन-तीन महिन्यांतच राजीनामा दिला होता. मुंबईत एका साहेबांना मंत्री केलं, आणि मग आठवलं की ते कुठूनच निवडून आलेले नाहीत. सहा महिन्यांत यावं तर लागतं. म्हणजे वरात आधी, मुलगी बघायचा कार्यक्रम नंतर. आणि मुलगी आम्ही.

रांगेत माझ्यामागे शेजारच्या सुमनकाकू होत्या. "अहो, मग गेल्या खेपेला आपण निवडून दिला, त्याचं काय?"

"त्यानं साहेबांसाठी जागा सोडली, काकू."

काकूंचा सगळा जन्म एसटीच्या प्रवासात गेलेला. त्यांना लगेच उमगलं. "असं होय! म्हणजे खिडकीतून टाकलेला रुमाल होता तो."

बाहेर येऊन मी उन्हात हात धरला. एका बोटावर रुमालाची शाई, दुसऱ्यावर साहेबांची. डाव्या हाताची तीन बोटं अजून कोरी होती, आणि विधानसभेची साडेचार वर्षं शिल्लक.